मॅडम, हा वास झाड कुणासाठी सोडतं?



आज अशा एका पाठाबद्दल लिहितेय, जो मी बरीच वर्षं शिकवला आणि, आता कबूल करायला हरकत नाही, बरीच वर्षं वाईट शिकवला.

नववीच्या विज्ञानात वनस्पतींमधला समन्वय येतो. त्यात संप्रेरकांची चार-पाच नावं. मी फळ्यावर दोन रकाने आखायचे. डावीकडे नाव, उजवीकडे कार्य. ऑक्झिनमुळे पेशींची लांबी वाढते, जिबरेलिनमुळे खोडाची वाढ होते, अ‍ॅबसिसिक आम्लामुळे पानं गळतात, वाढ थांबते. 'जोड्या लावा'ला हमखास येणारा भाग. मुलं पाठ करायची, गुण मिळायचे, पाठ संपायचा.

माझी शाळा जुन्नर तालुक्यात आहे. आमची निम्मी पोरं टोमॅटोच्या वावरातूनच वर्गात येतात. मागच्या वर्षी जानेवारीत हाच पाठ चालू असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सकाळी घरच्या टोमॅटोची बगलफूट काढून आली होती. बोटं हिरवट-काळी झालेली. म्हणाली, "मॅडम, टोमॅटोचं पान नुसतं हाताळलं तरी केवढा वास येतो. हा वास झाड कुणासाठी सोडतं?"

वर्ग हसला. मीही थोडी हसले. आणि म्हणाले, "ते आपल्याला परीक्षेला नाही. बस खाली."

ती बसली. मी रकाने पूर्ण केले.

एप्रिलमध्ये माहेरून फोन आला. दादाला दवाखान्यात नेलं होतं. उन्हाळी टोमॅटोवर भर दुपारी औषध मारत होता. तोंडाला रुमाल, अंगात बनियन, पाठीवर पंप. दोन पंप मारून झाले आणि बांधावरच चक्कर येऊन पडला. उलट्या, डोकेदुखी, हाताला कंप. वेळेवर पोचला म्हणून दोन दिवसांत घरी आला. मी गेले तेव्हा वहिनी त्याचा सदरा धूत होती. तिसऱ्यांदा धूत होती, तरी वास जात नव्हता.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती बातमी आपण सगळ्यांनीच वाचली होती. पण बातमी वेगळी आणि सख्खा भाऊ खाटेवर बघणं वेगळं. मी चिडूनच विचारलं, "पानावर एवढी अळी होती का, की भर उन्हात मारायला गेलास?"

तो म्हणाला, "अळी कुठं मोजत बसू? वार ठरलेला असतो. झाडाला काय कळतंय? त्याच्या वतीनं आपल्यालाच जागं राहावं लागतं."

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात दोनच वाक्यं होती. त्या मुलीचं, "हा वास झाड कुणासाठी सोडतं?" आणि दादाचं, "झाडाला काय कळतंय?" मला वाटलं, एका वाक्यात दुसऱ्याचं उत्तर आहे आणि विज्ञानाची शिक्षिका असून ते मला माहीत नाही. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाचायला बसले. जे समजलं, ते तुमच्यासमोर ठेवते.

वस्तीवर बिबट्या येतो तेव्हा

आमच्याकडच्या मुलांना हे बिबट्यावरून पटकन कळतं. रात्री उसातून बिबट्या एका वस्तीवर येतो. कुत्रं भुंकतं, कुणीतरी आरोळी देतं, फोन जातात. पाच मिनिटांत पलीकडच्या वस्तीवरही शेळ्या आत घेतल्या जातात, दिवे लागतात. पलीकडच्यांनी बिबट्या बघितलेला नसतो. त्यांना फक्त वर्दी मिळालेली असते.

टोमॅटोच्या झाडात असंच काहीसं होतं. अळी एका पानाला लागते. तिथल्या पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतून सिस्टेमिन नावाचा एक छोटा रेणू मोकळा होतो. १८ अमिनो आम्लांची ही साखळी १९९१ साली टोमॅटोतच सापडली. ती शेजारच्या पेशींच्या दारावर थाप मारते. मग त्या पेशी आपल्या पटलातल्या मेदाम्लापासून जॅस्मोनिक आम्ल तयार करतात. ही खरी आरोळी. ती झाडभर जाते. ज्या पानांना अळीने तोंडही लावलेलं नाही, तिथेही बचावाची जनुकं चालू होतात.

पेशीच्या आत हे कसं होतं, तेही मुलांना सांगण्यासारखं आहे. बचावाच्या जनुकांवर एरवी काही प्रथिनं पहारा देत बसलेली असतात, त्यांना काम करू देत नाहीत. जॅस्मोनेटचा संदेश आला, की पेशी त्या पहारेकरी प्रथिनांचीच मोडतोड करते. पहारा उठतो आणि जनुकं कामाला लागतात. म्हणजे तयारी आधीपासून होती, फक्त कुलूप लावून ठेवलं होतं.

आणि तयार काय होतं? अळीच्या आतड्यात प्रथिनं पचवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स असतात. त्यांनाच अडवणारी प्रथिनं झाड पानांत भरतं. अळी खाते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. तिची वाढ मंदावते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात क्लॅरन्स रायन यांनी १९७२ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर हे दाखवून दिलं. बटाटा आणि टोमॅटोचं एक पान कीटकाने कुरतडलं, तर न कुरतडलेल्या पानांतही ही अडवणारी प्रथिनं साठतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही घाटेअळीच्या आतड्यातली विकरं आणि त्यांना अडवणारी मिरचीसारख्या वनस्पतींतली प्रथिनं यांवर बरीच वर्षं संशोधन झालं आहे. घाटेअळी म्हणजे तीच, जी टोमॅटोत फळ पोखरते, हरभऱ्यात घाटे आणि तुरीत शेंगा.

आरोळी किती वेगाने जाते? २०१८ साली सायमन गिलरॉय यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून याचं चित्रीकरणच प्रसिद्ध झालं. मोहरीच्या कुळातलं एक लहानसं रोप असं तयार केलं होतं, की पेशीत कॅल्शियम वाढलं की ती उजळते. अळीने पान कुरतडलं आणि त्या जागेपासून उजेडाची लाट निघून एक-दोन मिनिटांत लांबच्या पानांपर्यंत पोचली. ही लाट सुरू करणारा रेणू होता ग्लुटामेट. चायनीजच्या गाडीवर जो अजिनोमोटो टाकतात, तो याच ग्लुटामेटचा क्षार. हे सांगितलं, की वर्गात एकही मूल झोपलेलं राहत नाही, अनुभवाने सांगते.

आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लाजाळूसारख्या वनस्पतींत विजेचे संदेश मोजून दाखवले होते. तेव्हा त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. शिकवताना बोस यांचा धडा आणि हा पाठ आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. ते कप्पे मोडायला हवेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे

जॅस्मोनिक आम्लाच्या नावातच वास आहे. त्याचं एक रूप, मिथाइल जॅस्मोनेट, १९६२ साली चमेलीच्या कुळातल्या फुलांच्या सुगंधी तेलातून वेगळं केलं गेलं. तेव्हा ते फक्त अत्तराचा घटक होतं. पुढे १९९० साली रायन आणि एडवर्ड फार्मर यांनी एक साधा प्रयोग केला. सेजब्रश नावाचं एक झुडूप आहे, आपल्या दवण्याच्याच जातकुळीतलं. जोतिबाला वाहतात तो दवणा. सेजब्रशमधून मिथाइल जॅस्मोनेट हवेत सुटतं. त्याच्या फांद्या टोमॅटोच्या रोपांबरोबर एका बंद काचपात्रात ठेवल्या. एकमेकांना स्पर्श नाही, अळी नाही, जखम नाही. तरी टोमॅटोच्या पानांत ती अडवणारी प्रथिनं साठली. केवळ वासावरून.

टोमॅटोचं पान हाताळल्यावर येणारा वास दोन प्रकारचा असतो. एक, पानावरच्या बारीक लवेच्या टोकाला असलेल्या ग्रंथींत साठवलेला. बोटं हिरवट-काळी होतात ती यामुळेच. दुसरा, पान चुरगळलं की काही सेकंदांत नव्याने तयार होणारा, कापलेल्या गवताला येतो तसा हिरवा वास. हा वास कुणासाठी? खरं तर झाडाने कुणाचं नाव लिहून तो पाठवलेला नसतो. पण तो ऐकणारे बरेच असतात. त्याच झाडाची दुसरी फांदी. शेजारचं झाड. वासावरून झाड शोधत येणारी कीडसुद्धा. आणि त्या किडीचे शत्रू.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त आवडलं. १९९० साली अमेरिकेत टेड टर्लिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या रोपांवर अळ्या सोडल्या, आपण ज्यांना लष्करी अळी म्हणतो त्यांच्याच गणातल्या. काही तासांनी रोपांनी वेगळा वास सोडला आणि त्या वासावर एक बारीक परजीवी माशी आली. गांधीलमाशीच्या कुळातली, पण मुंगीपेक्षा फार मोठी नाही आणि माणसाला कधी डसत नाही. ती अळीच्या अंगात अंडं घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू अळीला आतून खातं. गंमत अशी, की पानं नुसती कातरली तर झाड हा वास तितका सोडत नाही. कातरलेल्या जागी अळीची लाळ लावली, तर सोडतं. त्या लाळेतला नेमका रेणू १९९७ साली सापडला. कात्री आणि अळी यांतला फरक झाडाला ओळखता येतो.

हे वाचताना मला २०१८ आठवलं. त्या वर्षी ही अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि बघता बघता आपल्या मक्यावर पोचली. तेव्हा आमच्याकडे सगळे एकच विचारत होते, कोणतं औषध मारायचं? झाड काय करतंय, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

अजून एक गोष्ट वाचली आणि वाईट वाटलं. मक्याची मुळं कुरतडणारी एक अळी आहे. ती लागली, की मक्याची मुळं मातीत एक रेणू सोडतात. मिरी आणि लवंगेत असतो तोच, कॅरिओफिलीन. त्यावर अळी खाणारे सूत्रकृमी गोळा होतात. टोमॅटोच्या मुळांना गाठी करतात ते हे सूत्रकृमी नव्हेत, हे मित्र. २००५ साली लक्षात आलं, की मक्याच्या रानटी पूर्वजात आणि युरोपातल्या वाणांत ही हाक आहे, पण अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत ती उरलेली नाही. उत्पादनासाठी निवड करता करता हाक मारण्याची कला कुठेतरी गळून गेली. कुणी मुद्दाम काढली नाही. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

रोग आणि दुष्काळ, यांची वर्दी वेगळी

सगळ्या संकटांना एकच आरोळी चालत नाही. कुरतडणाऱ्या अळीसाठी जॅस्मोनिक आम्ल. जिवंत पेशींवर जगणाऱ्या बुरशी, विषाणू यांच्यासाठी मुख्यतः सॅलिसिलिक आम्ल. हे नाव वाळुंजाच्या झाडावरून आलं. वाळुंजाच्या सालीतल्या याच कुळातल्या द्रव्यापासून पुढे अ‍ॅस्पिरिनपर्यंतचा प्रवास झाला. १९७९ साली आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचलं, तर त्या पानांवर विषाणूजन्य रोगाचे डाग कमी पडले. डोकं दुखलं की आपण घेतो त्या गोळीचा भाऊबंद झाडाच्या घरात आधीपासून होता.

हे दोन संदेश पुष्कळदा एकमेकांना दाबतात. एक जोरात चालू झाला, की दुसरा मंद होतो. आणि याचा फायदा घेणारे आहेतच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पांढरी माशी लागलेला टोमॅटो असा वास सोडतो, ज्यामुळे शेजारची रोपं रोगाविरुद्धची तयारी करू लागतात आणि किडीविरुद्धची तयारी ढिली पडते. मग पांढरी माशी त्या शेजाऱ्यांवर आरामात वाढते. म्हणजे वर्दीही खोटी असू शकते. गावात काय नि झाडात काय!

पाण्याच्या ताणाचा संदेश आहे अ‍ॅबसिसिक आम्ल. मी फळ्यावर 'पाने गळणे' एवढंच लिहायचे ते. पाणी कमी पडलं, की हे आम्ल वाढतं आणि पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतलं पाणी निघून त्या सैल पडतात. दार बंद होतं, बाष्प बाहेर जायचं थांबतं. पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइडही आत येत असतो. दार बंद म्हणजे चूलही बंद. झाड तहान भागवत नाही, भूक सोसून तहान लांबवतं. दुष्काळात ज्यांनी दिवस काढलेत, त्या पालकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

जागं राहण्याचा खर्च

आता मुद्द्यावर येते. दादा म्हणाला होता, झाडाच्या वतीनं आपल्यालाच जागं राहावं लागतं. झाड जागं असतं, हे तर आपण पाहिलं. मग ते कायमच जागं का नाही राहत? पानांत कायम ती प्रथिनं का भरून ठेवत नाही?

कारण त्याला खर्च येतो. बिबट्याच्या भीतीने रोज रात्रभर जागलो, तर दुसऱ्या दिवशी वावरात काम कोण करणार? इयन बाल्डविन यांनी अमेरिकेतल्या रानटी तंबाखूवर हे मोजलं, १९९८ साली ते प्रसिद्ध झालं. काही झाडांना जॅस्मोनेट देऊन बचाव आधीच चालू करून ठेवला. जिथे कीड आली, तिथे या झाडांना जास्त बी आलं. जिथे कीड आलीच नाही, तिथे कमी आलं. म्हणून झाड आधी वर्दीची वाट बघतं, मग खर्च करतं.

पालकहो, यात तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट आहे. 'झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारं' म्हणून कितीतरी बाटल्या विकायला येतात. आत काय आहे, किती आहे, कोणत्या पिकावर, कोणत्या अवस्थेत द्यायचं, हे लेबलवर नीट लिहिलेलं नसेल आणि कृषी विद्यापीठाची शिफारस नसेल, तर ती बाटली घेऊ नका. संदेश देणारा रेणू हा खत नाही, की चार चमचे जास्त टाकले तर चांगलंच होईल.

जूनमध्ये

शाळा उघडली, तेव्हा ती मुलगी दहावीत गेली होती. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि म्हणाले, "जानेवारीत तू विचारलेल्या प्रश्नाचं मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायला हवं होतं. परीक्षेला नाही म्हणाले, ते चुकलं माझं." ती लाजली. मग मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. अळी, आरोळी, वास, वासावर येणारी ती बारीक परजीवी माशी.

तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पण मॅडम, आम्ही दर आठवड्याला फवारतो. मग झाडानं बोलावलेली ती माशी पण मरत असेल ना?"

खरं सांगते, एवढं वाचून माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. झाड हाक मारतंय, मदतीला कुणीतरी येतंय आणि आपण दोघांनाही एकाच पंपात मारतोय. वर त्याला 'औषध' म्हणतोय.

हेच वाक्य मी दादाला ऐकवलं. तो लगेच बदलला वगैरे असं काही झालं नाही. म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्या वासानं हप्ता फिटत नाही." त्याचंही खरं होतं. झाडाचा बचाव किडीची वाढ मंद करतो, तिला थोपवून धरतो. पण एकच एक पीक एकरभर लावलेलं, बाजारात डागी फळाला भाव नाही, आणि किडीचा उद्रेक झाला, तर झाडाची स्वतःची ताकद पुरत नाही. फवारावं लागतं. मी त्याला फवारू नको म्हणाले नाही. म्हणाले, "वार बघून मारू नकोस, अळी मोजून मार. आणि मारशील तेव्हा अंगभर कपडे, हातमोजे, मास्क घालून, ऊन उतरल्यावर, वाऱ्याची दिशा बघून मार."

मोजण्याची पद्धत नवीन नाही. कृषी विभाग सांगतच असतो. हरभऱ्यात एका मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, की उपाय करायचा, त्याआधी नाही. कामगंध सापळे लावायचे, पक्षीथांबे उभे करायचे. टोमॅटोत दर १६ ओळींमागे एक ओळ झेंडू लावायची, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. या शिफारशी मला पूर्वी नुसत्या यादीसारख्या वाटायच्या. आता त्यामागचं कारण दिसतं. झाडाला आणि त्याच्या मदतनिसांना काम करायला थोडा वेळ द्यायचा, आणि तो किती द्यायचा ते मोजून ठरवायचं.

वर्गात काय करता येईल

जॅस्मोनिक आम्ल मोजण्याची सोय आपल्या शाळेत नाही. तरी मी हे चार प्रयोग केले, तुम्हीही करून बघा.

१. टोमॅटो, तुळस, कढीपत्ता, गवत यांची पानं डोळे मिटून आधी न चुरगळता हुंगायची, मग चुरगळून. कोणता वास साठवलेला, कोणता चुरगळल्यावर आला, यावर चर्चा.

२. दोन सारखे डबे. दोन्हींत हिरवे टोमॅटो, एकात सोबत पिकलेलं केळं. झाकण लावून रोज नोंद. केळ्यातून सुटणारा इथिलीन वायू हाही संदेशच. आंब्याची अढी का लावतात, ते मुलं मग स्वतःच सांगतात.

३. एका कुंडीला दोन दिवस पाणी द्यायचं नाही, एकीला द्यायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पानांची स्थिती लिहायची.

४. हरभऱ्याच्या शेतात पहाटे पान बोटाने पुसून बोटाची आंबट चव. आमची आजी रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरायची आणि सकाळी पिळून आंब काढायची, पोटदुखीवर. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते, असं संशोधनात दिसलं आहे. आजी झाडाचं शस्त्र पिळून बरणीत भरत होती! हा प्रयोग मात्र ज्या शेतात एकदाही फवारणी झालेली नाही, तिथेच. खात्री नसेल तर करूच नका. आणि नुकत्याच फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नका.

एक काळजी आपण शिक्षकांनी घ्यायला हवी. 'झाडं रडतात', 'झाडं गप्पा मारतात' असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. मुलांना ते आवडतात. पण झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. त्याला आपल्यासारखं दुखतं, असं म्हणायला आधार नाही. आरोळी, वर्दी, हाक हे शब्द मीही वापरले, समजावं म्हणून. वर्गात वापरल्यावर शेवटी ते परत घ्यायचे आणि सांगायचं, की हे रेणू आहेत, पेशी आहेत, आणि कोट्यवधी वर्षांत घडत आलेली ही व्यवस्था आहे. मला तरी ती गप्पांपेक्षा जास्त नवलाची वाटते.

मागच्या महिन्यात, डिसेंबरात, चालू तासाला फोन थरथरला. दादाचा. त्याने या वेळी रब्बीत हरभरा केलाय. हप्त्याचं टेन्शन आहेच, पण या वेळी वार ठरवलेला नाही. रोज सकाळी दोन-चार ओळी मोजतो, वहीत लिहितो. एकदा फवारलंय, संध्याकाळी, सगळं अंग झाकून. काही घाटे पोखरलेही गेलेत, तेही त्याने वहीत लिहिलंय.

तास संपल्यावर बघितलं, तर एक फोटो होता. हरभऱ्याच्या पानावर एक सुकलेली, रिकामी अळी आणि तिच्याशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी-पांढरा कोष. खाली लिहिलं होतं, "हे सापडलं. आपलं का त्यांचं?"

मी तो फोटो दहावीच्या वर्गात नेला आणि आधी मागच्या बाकावर दाखवला. तिने नीट निरखून बघितला आणि म्हणाली, "मॅडम, आपलं."

तसंच दादाला कळवलं.